पाणी-पाणी प्लेट हीट एक्स्चेंजर: गरम आणि थंड बाजूच्या हिशेबात ९ टक्के फरक, चूक शोधायची कुठे?

थर्मल_लॅब_३

ब्रेझ्ड (प्लेट वितळलेल्या धातूने कायमच्या जोडलेल्या) प्लेट हीट एक्स्चेंजरची चाचणी चालू आहे; यात गरम पाण्याची उष्णता प्लेटमधून थंड पाण्याला जाते. २० प्लेट, त्यातल्या कामाच्या १८, प्रत्येकी ०.०१४ चौ.मी., म्हणजे क्षेत्रफळ ०.२५२ चौ.मी. दोन्ही बाजूंना साधं पाणी, जोडणी काउंटरफ्लो (दोन्ही प्रवाह परस्परविरुद्ध दिशेने). गरम बाजूला ३०० लिटरची टाकी, हीटर आणि पंप. थंड बाजूला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं आणि सरळ ड्रेनला जातं. चारही ठिकाणी तीन वायरचे पीटी-१०० (प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान सांगणारे सेन्सर), क्लास बी (अचूकतेचा दर्जा), ६ मिमी जाड, थर्मोवेलमध्ये (पाइपात घुसवलेल्या बंद नळीत) बसवलेले. गरम बाजूला आउटलेट लाइनवर टर्बाइन फ्लोमीटर, थंड बाजूला इनलेटवर इलेक्ट्रोमॅग्नेटिक. खोलीचं तापमान ३० अंश.

एक नमुना रीडिंग देतो, १० मिनिटांची सरासरी:

गरम: १२.० लिटर/मिनिट, आत ६०.२, बाहेर ५०.१ °से.
थंड: १५.० लिटर/मिनिट, आत ३०.०, बाहेर ३७.४ °से.

घनता १००० किलो/घनमीटर, सीपी (विशिष्ट उष्मा) ४.१८ किलोज्यूल प्रति किलो केल्विन धरून गरम पाण्याने दिलेली उष्णता ८.४४ किलोवॅट येते आणि थंड पाण्याने घेतलेली ७.७३. फरक ०.७१ किलोवॅट, सरासरीच्या जवळजवळ ९ टक्के. एलएमटीडी (दोन्ही बाजूंमधल्या तापमानफरकाची लॉगरिदमिक सरासरी) २१.४ येतो, त्यामुळे गरम बाजू धरली तर यू (एकूण उष्णता-वहन गुणांक) १५६४ आणि थंड बाजू धरली तर १४३२ वॅट प्रति चौ.मी. केल्विन. यातला खरा कुठला?

हीट लॉस असेल म्हणून एक्स्चेंजर आणि पाइप २५ मिमी नायट्रिल रबरने गुंडाळले (वरची रीडिंग त्यानंतरचीच आहेत). त्याने फरक जेमतेम अर्धा टक्का कमी झाला. आता आणखी इन्सुलेशन चढवावं की दोन्हींची सरासरी घेऊन पुढे जावं?

---

मोजमाप

दोन्ही नको. सरासरी घेण्याआधी चूक कुठल्या उपकरणात आहे हे शोधलंच पाहिजे, आणि ते शोधता येतं.

आधी हीट लॉसचा संशय कागदावरच मिटवा. सेन्सरपासून सेन्सरपर्यंत गरम बाजूचा उघडा पाइप साधारण १.२ मीटर धरू. एक इंची पाइपचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी, म्हणजे मीटरमागे ०.१०६ चौ.मी. पृष्ठभाग. उघड्या पाइपवरून हवेत जाणारी उष्णता, संवहन आणि प्रारण मिळून, ढोबळमानाने १० वॅट प्रति चौ.मी. केल्विन. पाणी ५५ ला, खोली ३० ला: ०.१२७ × १० × २५ = ३२ वॅट. एक्स्चेंजरच्या बाहेरच्या अंगाचे १०-१२ वॅट धरा. इन्सुलेशन नसताना एकूण ४५ वॅटच्या आसपास, इन्सुलेशननंतर १५. तुमचा फरक ७१० वॅटचा आहे. अर्धा टक्का म्हणजे ४० वॅट कमी झाला असं तुम्हीच लिहिलंय, हिशेब ढोबळमानाने जुळतो. उरलेले जवळजवळ सातशे वॅट हवेत जात नाहीयेत, ते मोजमापात आहेत.

आता घनता. १००० धरू नका. फ्लोमीटर जिथे बसलाय तिथल्या तापमानाची घनता घ्यायची आणि सीपी मात्र त्या बाजूच्या सरासरी तापमानाचा. तुमचा गरम मीटर आउटलेटला, म्हणजे ५० अंशांवर: ९८८.०. थंड मीटर ३० अंशांवर: ९९५.७. सीपी अनुक्रमे ४.१८२ आणि ४.१७९. नव्या हिशेबाने गरम ८.३५, थंड ७.७० किलोवॅट. फरक ०.६५ वर आला. हाच मीटर ६० अंशांच्या इनलेटवर असता तर घनता ९८३.२ लागली असती आणि १००० धरल्याने १.७ टक्के चूक फुकटची झाली असती.

राहिलं तापमान, आणि माझा मुख्य संशय तिथेच आहे. आयईसी ६०७५१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे क्लास बी पीटी-१०० ची मुभा ±(०.३ + ०.००५ × तापमान) असते. ६० अंशांवर ±०.६, ३० अंशांवर ±०.४५. तुमच्या थंड बाजूचा डेल्टा टी (आत-बाहेर तापमानातला फरक) फक्त ७.४ आहे. दोन सेन्सर परस्परविरुद्ध दिशेने नुसते ०.२-०.२ ने सरकले तरी ०.४ अंश गेले, म्हणजे साडेपाच टक्के, आणि तरीही दोन्ही सेन्सर आपापल्या क्लासमध्ये निर्दोष! क्लास ए घेतला तरी ६० अंशांवर ±०.२७ राहतेच. म्हणून महागडा सेन्सर विकत घेण्यापेक्षा आहे तेच चार एकमेकांशी जुळवून घ्या. आपल्याला तापमान नको आहे, तापमानातला फरक हवा आहे.

तीन वायरच्या जोडणीत आणखी एक चोरवाट असते. तिन्ही वायरींचा रोध सारखाच आहे असं उपकरण गृहीत धरतं. एखाद्या टर्मिनलवर गंज किंवा सैल स्क्रू असेल आणि ०.१ ओहम जास्त आला, तर ०.१ ÷ ०.३८५ = ०.२६ अंशाची चूक. शक्य असेल तर चार वायर करा. नसेल तर टर्मिनल घासून, फेरूल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) लावून घट्ट करा.

---

वाफ_आणि_पाणी

वरच्या उत्तराशी सहमत. सेन्सर बाहेर न काढता, रिगवरच जुळवायची पद्धत देतो. यात फ्लोमीटरची तुलनाही त्याच वेळी होऊन जाते.

थंड पाण्याची लाइन बंद करा. गरम बाजूच्या आउटलेटपासून एक होज थंड बाजूच्या इनलेटला जोडा आणि थंड बाजूचं आउटलेट परत टाकीत सोडा. आता तेच पाणी आधी गरम बाजूतून आणि मग थंड बाजूतून जातं. दोन्ही बाजू एकाच तापमानाच्या, त्यामुळे प्लेटमधून उष्णता जायला कारणच नाही. चारही सेन्सरनी एकच आकडा दाखवायला हवा आणि दोन्ही फ्लोमीटरनीही. प्रवाह १२ लिटर/मिनिट आणि वाटेत १०-१५ वॅट गळती असेल तर पहिल्या आणि शेवटच्या सेन्सरमध्ये खरा फरक फक्त ०.०१-०.०२ अंशांचा पडतो, तो सोडून द्यायला हरकत नाही.

हे ३०, ४५ आणि ६० अंशांवर करा. प्रत्येक तापमानाला टाकी नीट ढवळून स्थिर झाल्यावर १० मिनिटं लॉग. हीटर त्या १० मिनिटांत बंदच ठेवा. ३०० लिटरची टाकी तेवढ्या वेळात फार उतरत नाही, आणि हळूहळू उतरली तरी चारही सेन्सर एकदमच उतरतात. एकच तापमान घेऊन थांबू नका. काही सेन्सरमध्ये नुसता ऑफसेट असतो, काहींमध्ये तापमानाबरोबर चूक वाढत जाते. हा भेद एका बिंदूवरून कळत नाही.

होज जोडताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. दोन्ही बाजूंचा प्रेशर ड्रॉप एकापाठोपाठ आल्याने पंप नेहमीचा फ्लो देणार नाही, जेवढा मिळेल तेवढ्यावर करा, पण १० च्या खाली जाऊ देऊ नका. आणि हवा काढा. पाणी तापलं की विरघळलेली हवा बारीक बुडबुड्यांनी सुटते आणि एक्स्चेंजरच्या वरच्या पोर्टमध्ये अडकून बसते. तिथे व्हेंट नसेल तर बसवून घ्या. टर्बाइन मीटर हवेलाही पाणी समजूनच मोजतो.

फ्लोमीटर एकमेकांशी जुळले म्हणजे दोन्ही खरे, असं मात्र नाही. एकदा वजनाने तपासा. ड्रेनच्या तोंडाशी तीनमार्गी कॉक लावून पाणी झाकणाच्या पिंपात वळवायचं, २ मिनिटं, १५ लिटर/मिनिटला ३० किलो. वजनकाटा १० ग्रॅमचा असेल तर त्याची चूक नगण्य. स्टॉपवॉचला हाताची ०.२ सेकंद चूक धरली तरी १२० सेकंदांत ०.१७ टक्के. पिंपात सोडायच्या होजचं तोंड नेहमीच्या ड्रेनच्याच उंचीवर हवं. ते खाली सोडलंत तर कॉक फिरवताच फ्लो वाढतो आणि भलत्याच फ्लोचं कॅलिब्रेशन होतं. गरम पाण्याला झाकण विसरू नका, वाफ जाते ती वजनातून जाते.

---

एनटीयू

दोन मुद्दे राहिले, ते जोडतो.

पहिला, सेन्सर कुठे आणि कसा बसलाय. ६ मिमीचा प्रोब एक इंची पाइपात आडवा घातला की पाण्यात २० ते २५ मिमीच जातो. नियम असा की बुडालेली लांबी व्यासाच्या किमान १० पट, म्हणजे ६० मिमी, आणि त्यात संवेदन घटकाची लांबी वेगळी. लांबी कमी पडली की उष्णता प्रोबच्या दांड्यातून बाहेर वाहते आणि सेन्सर पाण्याचं तापमान न दाखवता पाणी आणि खोली यांच्या मधलं काहीतरी दाखवतो. उपाय सोपा आहे: सरळ पाइपात भोक न पाडता एल्बोच्या जागी टी लावा आणि प्रोब पाइपच्या अक्षातून, येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून आत घाला. मग १०० मिमीही सहज बुडतो. थर्मोवेल ठेवायचाच असेल तर आतली हवेची फट हीट ट्रान्सफर पेस्टने भरा आणि बाहेर राहिलेलं डोकंही इन्सुलेशनखाली घ्या.

ही चूक फार फसवी आहे, म्हणून थोडं सविस्तर. समजा चारही सेन्सरची दांड्यातून होणारी गळती सारखीच आहे आणि प्रत्येक जण खोलीच्या वरच्या फरकातला २ टक्के भाग हरवतो. ६० चा ५९.४ दिसेल, ५० चा ४९.६, ३७.५ चा ३७.३५, आणि ३० चा ३०. गरम बाजूची उष्णता २ टक्क्यांनी कमी, थंड बाजूचीही २ टक्क्यांनी कमी. दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात आणि दोन्ही चुकीच्या! वजनकाटाच चुकीचा असेल आणि दोन्ही फ्लोमीटर त्यावरच तपासले असतील तरी असंच होतं. हिशेब जुळला नाही म्हणजे चूक नक्की आहे, पण जुळला म्हणजे चूक नाही असं म्हणता येत नाही. वरच्या उत्तरातली होजची पद्धत दांड्याच्या गळतीला फारशी पकडत नाही, कारण तीसुद्धा सगळ्यांना सारखीच असते. ती पकडायला सर्टिफिकेट असलेला एक संदर्भ प्रोब हवा, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त लॅबमधून तपासलेला, आणि तो पुरेसा खोल बुडवलेला. तुमच्या गरम-आत सेन्सरच्या शेजारच्या टीमध्ये तो लावा आणि ६० अंशांवर दोघांत किती फरक येतो ते बघा.

संदर्भ प्रोबचं शून्य मधूनमधून बर्फावर बघता येतं, पण बर्फ नीट केला तरच. आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये गच्च भरा आणि मधल्या फटी भरण्यापुरतंच थंड पाणी ओता. पाण्यावर चार तुकडे तरंगत असतील तर तो बर्फबिंदू नव्हे. तळाला ४ अंशांचं पाणी साचतं आणि प्रोबचं टोक नेमकं तिथे असतं.

दुसरा मुद्दा मिश्रणाचा. प्लेट एक्स्चेंजरच्या बाहेर पडणारं पाणी सगळ्या चॅनलमधून सारख्याच तापमानाचं येत नाही. कडेच्या चॅनलला एकाच बाजूने शेजारी असतो, त्यामुळे तो वेगळा वागतो. आउटलेटपासून ५० मिमीवर सेन्सर लावला तर तो एका थराचं तापमान सांगेल. पाणी दोन एल्बो पार करून मिसळल्यावर सेन्सर ठेवा. तेवढा पाइप मग हीट लॉसच्या हिशेबात धरावा लागेल, पण इन्सुलेशन असेल तर ते ५-१० वॅटचं काम आहे. मिश्रणाची चूक त्याहून पुष्कळ मोठी होऊ शकते. तपासायचं कसं? आउटलेटचा प्रोब १०-१० मिमी आतबाहेर करून बघा. रीडिंग ०.१ पेक्षा जास्त हललं तर मिश्रण झालेलं नाही किंवा बुडालेली लांबी कमी आहे.

जाता जाता: काउंटरफ्लो जोडलंय हे डोळ्यांनी पाइप माग काढून खात्री करा. तुमच्या रीडिंगवर समांतर प्रवाहाचा एलएमटीडी २०.२ येतो आणि काउंटरचा २१.४. फरक ६ टक्क्यांचाच, त्यामुळे होज उलटे लागले असतील तर आकड्यांवरून लक्षात येणार नाही.

---

थर्मल_लॅब_३

होजची पद्धत केली. टर्मिनल आधी घासून घेतले, त्याने बदल झाला नाही. १२ लिटर/मिनिटवर निकाल असा:

दोन्ही फ्लोमीटर: १२.०५ आणि १२.००. वजनाने ११.९८.

४५ अंशांवर संदर्भ प्रोबच्या तुलनेत: गरम-आत +०.३०, गरम-बाहेर −०.१०, थंड-आत +०.१५, थंड-बाहेर −०.०५.

गरम जोडीतला परस्पर फरक ३०, ४५, ६० अंशांवर अनुक्रमे ०.३८, ०.४०, ०.४१. थंड जोडीतला ०.२०, ०.२०, ०.२२.

म्हणजे गरम बाजूचा डेल्टा टी ०.४ ने फुगलेला होता आणि थंड बाजूचा ०.२ ने दबलेला. दुरुस्त आकडे: गरम ५९.९० → ५०.२०, थंड २९.८५ → ३७.४५. गरम ८.०२ किलोवॅट, थंड ७.९० (नेमकं ७.९०५). फरक ०.११, म्हणजे १.४ टक्के. प्रोब आतबाहेर करून पाहिला, थंड-बाहेर ०.०३ हलतो, गरम-बाहेर ०.०४.

आता हा १.४ टक्के फरक स्वीकारायचा का? आणि यू लिहिताना कुठली बाजू धरायची?

---

मोजमाप

स्वीकारायचा की नाही हे मनाने ठरवायचं नाही, अनिश्चितता मांडून ठरवायचं.

जुळवल्यानंतर प्रत्येक सेन्सरची उरलेली अनिश्चितता ±०.०५ धरू. हा आकडा तुमच्या तीन तापमानांच्या निकालातला फेरफार आणि प्रोब हलवल्यावर दिसलेला बदल, दोन्ही पोटात घेतो. दोन सेन्सरच्या फरकाची: ०.०५ × √२ = ०.०७. गरम बाजूला ०.०७ ÷ ९.७ = ०.७३ टक्के, थंड बाजूला ०.०७ ÷ ७.६ = ०.९३ टक्के. फ्लो वजनाने तपासलाय, ०.५ टक्के धरा. घनता आणि सीपी मिळून ०.१. वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: गरम ०.९ टक्के, थंड १.०६ टक्के. दोन्ही बाजूंच्या फरकाची अनिश्चितता √(०.९² + १.०६²) = १.४ टक्के.

तुमच्या १.४ मधून इन्सुलेशननंतरची १५ वॅटची गळती वजा केली की १.२ उरतात. १.२ हे १.४ च्या आत आहे. स्वीकारा.

यू साठी एक बाजू निवडू नका, साधी सरासरीही नको. ज्या बाजूची अनिश्चितता कमी तिला जास्त वजन द्या, वजन = १ ÷ अनिश्चिततेचा वर्ग. गरम बाजूला १.२३, थंड बाजूला ०.८९. गरम बाजूतून गळती वजा करून ८.०० घ्या. (१.२३ × ८.०० + ०.८९ × ७.९०५) ÷ २.१२ = ७.९६ किलोवॅट. एलएमटीडी नव्या तापमानांवर २१.३८. यूए (यू गुणिले क्षेत्रफळ) = ०.३७२ किलोवॅट प्रति केल्विन, यू = १४७७, अनिश्चितता साधारण १ टक्का. सुरुवातीला १४३२ ते १५६४ असा पट्टा होता. क्षेत्रफळाची अनिश्चितता यात नाही, कारण प्लेटचं क्षेत्रफळ आपण मोजलेलं नाही, कॅटलॉगमधून घेतलंय. म्हणून अहवालात यूए आधी लिहा आणि यू नंतर.

तुलनेसाठी: युरोपात हीट मीटरच्या ईएन १४३४ मानकात सेन्सरच्या जोडीला ±(०.५ + ३ × किमान डेल्टा टी ÷ डेल्टा टी) टक्के इतकी मुभा असते. किमान ३ केल्विनची जोडी ७.६ केल्विनवर वापरली तर १.७ टक्के. तुम्ही रिगवर जुळवून ०.९३ मिळवलेत, हे चांगलं काम आहे. पण हे जुळवणं कायम टिकत नाही. टर्मिनल उघडले, केबल बदलली, लॉगरचा चॅनल बदलला की पुन्हा होज जोडा. सेन्सर, केबल आणि चॅनल मिळून एक साखळी समजा आणि तिघांना एकच नंबर चिकटवून ठेवा.

---

वाफ_आणि_पाणी

स्टेडी स्टेटबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि पुढच्या सगळ्या रीडिंगमध्ये तीच गोची होणार आहे.

टाकीचा हीटर थर्मोस्टॅट आणि कॉन्टॅक्टरवर (हीटर पूर्ण चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) असेल तर इनलेट एक-दीड अंशाने वरखाली झुलत राहतो. थर्मोवेलमधल्या ६ मिमी सेन्सरला बदल दाखवायला २०-३० सेकंद लागतात, पाणी मात्र एक्स्चेंजरमधून काही सेकंदांतच पार होतं. त्यामुळे एकाच क्षणी घेतलेली चार रीडिंग चार वेगवेगळ्या क्षणांची असतात. कॉन्टॅक्टर काढून एसएसआर (इलेक्ट्रॉनिक रिले) आणि हीटर हळुवार कमीजास्त करणारा पीआयडी कंट्रोलर लावा. ते जमत नसेल तर सरासरीचा काळ थर्मोस्टॅटच्या पूर्ण फेऱ्यांचा घ्या, तीन किंवा चार फेऱ्या, अर्धवट नाही.

हळूहळू एकाच दिशेने सरकणं हे झुलण्याहून वाईट, कारण सरासरीने ते जात नाही. एक्स्चेंजरचं ३ किलो स्टील आणि आतलं १ लिटर पाणी मिळून एक अंश तापायला ५.७ किलोज्यूल लागतात. सगळं मिनिटाला अर्धा अंश वर चढत असेल तर ५.७ × ०.५ ÷ ६० = ०.०४८ किलोवॅट, म्हणजे ४८ वॅट धातू आणि पाण्यात साठत राहतात. तुमच्या ८ किलोवॅटचे ०.६ टक्के. म्हणून अट ठेवा: चारही तापमानांचा उतार मिनिटाला ०.०५ अंशाच्या आत, सलग १० मिनिटं. दर २ सेकंदांनी लॉग करा आणि उतार काढा, डोळ्यांनी आलेख बघून ठरवू नका.

थंड बाजूला गच्चीवरची टाकी आहे हे मला खटकतं. मे महिन्यात दुपारी त्या टाकीत वर गरम, खाली थंड असे थर होतात, आणि पाइपमधलं उन्हात तापलेलं पाणी आधी येतं. सकाळी लवकर चाचणी घ्या, किंवा थंड बाजूलाही २००-३०० लिटरची मधली टाकी आणि ढवळणारा पंप ठेवा.

बोअरचं पाणी असेल तर क्षाराचाही विचार करा. कॅल्शियम कार्बोनेट पाणी तापलं की बाहेर पडतं आणि ते नेमकं प्लेटवरच बसतं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा थर ०.००००५ ते ०.०००१ चौ.मी. केल्विन प्रति वॅट रोध वाढवतो. तुमचा एकूण रोध १ ÷ १४७७ = ०.०००६८. म्हणजे ७ ते १३ टक्के कामगिरी गेली, आणि हिशेब मात्र उत्तम जुळत राहील. सायट्रिक ॲसिडचं ५ टक्के द्रावण ४०-५० अंशांवर उलट्या दिशेने अर्धा-एक तास फिरवा, मग भरपूर पाण्याने धुवा. ब्रेझिंग तांब्याचं असतं, म्हणून अमोनिया असलेलं कुठलंही क्लीनर नको. गरम बाजूची बंद टाकी डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने भरली तर तिथला क्षाराचा प्रश्न सुटतो. मात्र इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर त्या बाजूला हलवू नका. त्याला साधारण ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेमी वाहकता लागते, डीएम पाणी त्याच्या खाली असतं आणि मीटर वाट्टेल ते आकडे दाखवतो.

---

थर्मल_लॅब_३

क्षाराचं कळलं, गरम टाकी डीएमने भरतो. शेवटचा प्रश्न: दोन्ही बाजूंचे फिल्म कोइफिशंट (त्या बाजूचं पाणी आणि प्लेट यांच्यातला उष्णता-वहन गुणांक) वेगवेगळे काढायचेत. प्लेटच्या भिंतीवर थर्मोकपल चिकटवायला ब्रेझ्ड एक्स्चेंजरमध्ये जागा नाही. विल्सन प्लॉट या अचूकतेवर चालेल का?

---

एनटीयू

चालेल, पण त्याला आत्तापर्यंतच्या सगळ्या काळजीहून जास्त काळजी लागते.

विल्सन यांनी ही पद्धत १९१५ मध्ये मांडली. गरम बाजू जशीच्या तशी ठेवायची, फक्त थंड बाजूचा फ्लो बदलायचा. मग १/यूए मध्ये गरम बाजूचा आणि भिंतीचा रोध स्थिर राहतो आणि थंड बाजूचा रोध फ्लोच्या ठरावीक घातांकाने बदलतो. प्लेटसाठी तो घातांक ०.६५ ते ०.७५ च्या पट्ट्यात असतो. ०.७ घेऊन १/यूए विरुद्ध १/फ्लोचा ०.७ वा घात असा आलेख काढला की सरळ रेषा येते. रेषा जिथे उभ्या अक्षाला छेदते तिथे गरम बाजू अधिक भिंत. भिंत ०.४ मिमी स्टेनलेस स्टील, वाहकता १५ धरा: ०.००००२७, एकूण रोधाच्या ४ टक्के. ती वजा केली की गरम बाजू उरते.

आता अडचण. अक्ष तुमच्या शेवटच्या बिंदूपासून लांब आहे. रेषा मोजलेल्या भागाबाहेर ताणायची असल्याने यूए मधली १ टक्का चूक छेदबिंदूत काही टक्के होऊन येते. म्हणून बिंदू आडव्या अक्षावर सारख्या अंतरावर पडतील असे फ्लो निवडा. ६ ते २० लिटर/मिनिटच्या पट्ट्यात ६, ७.१, ८.७, १०.९, १४.३, २० असे येतात. ६, ९, १२, १५, १८ असे सरळ घेतलेत तर बिंदू एका टोकाला गर्दी करतात आणि रेषेचा कल एकट्या ६ च्या रीडिंगवर अवलंबून राहतो.

"गरम बाजू स्थिर" याचा अर्थ फक्त १२ लिटर/मिनिट स्थिर नव्हे. थंड फ्लो वाढवला की गरम-बाहेर उतरतं आणि गरम बाजूची सरासरी उतरते. प्रत्येक बिंदूला गरम-आत थोडं वाढवून सरासरी ५५ वर परत आणा. थंड बाजूची सरासरीही सरकते आणि तिच्याबरोबर पाण्याची चिकटता. म्हणून आडव्या अक्षावर नुसता फ्लो न ठेवता रेनॉल्ड्स अंकाचा (प्रवाहाचा वेग आणि चिकटता यांचं प्रमाण) ०.७ वा घात, प्रांटल अंकाचा (चिकटता आणि उष्णता पसरणं यांचं प्रमाण) एक तृतीयांश घात आणि पाण्याची उष्णतावाहकता यांच्या गुणाकाराचा व्यस्त (१ ÷ गुणाकार) घ्या. घातांकच माहीत नसेल तर ब्रिग्ज आणि यंग यांनी १९६९ मध्ये दिलेली सुधारित पद्धत वापरा, तिथे पुन्हापुन्हा हिशेब करून अज्ञात राशी काढत जातात. पण त्यासाठी दोन्ही बाजूंचे फ्लो बदलून किमान १५-२० बिंदू लागतील. सहा बिंदूंत तीन अज्ञातं काढायला जाऊ नका.

बिंदू चढत्या क्रमाने घेऊ नका. दिवसभरात क्षार, हवा किंवा खोलीचं तापमान हळूहळू सरकलं तर ते सरकणं फ्लोच्या परिणामात मिसळून जातं आणि रेषा तरीही सुबक दिसते. १०.९, ६, २०, ८.७, १४.३, ७.१ असा विस्कळीत क्रम घ्या आणि शेवटी १०.९ पुन्हा. दोन १०.९ च्या यूए मध्ये १ टक्क्याहून जास्त फरक आला तर त्या दिवसाचे सगळे बिंदू बाजूला ठेवा, व्हेंट उघडा, होज जोडून सेन्सर पुन्हा जुळवा आणि मगच नव्याने सुरुवात करा.